ब्रेक दाबण्याआधीचा क्षण

रस्त्यात अचानक पोर आडवं आलं आणि गाडी थांबली, की आपण म्हणतो, "लगेच ब्रेक दाबला." हे 'लगेच' म्हणजे नेमकं किती? दिवा लागताच बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर तरुण, निरोगी माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. आवाज ऐकून दाबायचं असेल तर त्याहून किंचित कमी. पण दोन दिवे आणि दोन बटणं ठेवली, की वेळ वाढतो. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये हाच फरक मोजून निवडीला लागणारा वेळ वेगळा काढला. पुढे १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये हिक यांनी दाखवलं, की पर्याय वाढत जातात तसा हा वेळही वाढत जातो.

रस्त्यावर तर पर्यायच पर्याय! ब्रेक दाबू, हॉर्न वाजवू, की गाडी डावीकडे घेऊ? प्रसंग अनपेक्षित असला तर सेकंद-दीड सेकंद सहज जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, तीही ब्रेक लागण्याआधी. अपुरी झोप, दारू यांनी हे अंतर आणखी वाढतं. मोबाइल हातात न धरता बोललं तर चालतं, हा समज मला तरी भाबडा वाटतो. हात मोकळे राहतात, पण लक्ष बोलण्यातच अडकलेलं असतं.

मुरलेला एसटी ड्रायव्हर शाळा दिसली, की पाय आधीच ब्रेकवर आणून ठेवतो. पोर आडवं आलंच, तर त्याला फक्त दाबायचं उरतं.