आगगाडीवर बसलेले ट्रक

आपल्या घरातील साखर, तांदूळ, साबण, वह्या या वस्तू दूरदूरच्या गावांहून येतात. माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याला मालवाहतूक म्हणतात. आपल्या देशात उद्योगधंदे वाढत आहेत, तशी मालवाहतूकही वाढत आहे. यातील निम्म्याहून अधिक माल रस्त्याने जातो.

बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात. एक लीटर डिझेल जळले, की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. एक लीटर डिझेलचे वजन तर एक किलोही नसते! मग वायूचे वजन एवढे कसे? डिझेल जळताना त्यातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते. या वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढते. धुरातील बारीक काजळी श्वासाबरोबर छातीत जाते. रस्त्याकाठी राहणाऱ्या लोकांना तिचा अधिक त्रास होतो.

मुंबई-गोवा महामार्गावर घाट आहेत. भरलेल्या ट्रकला घाट चढताना जास्त डिझेल लागते. कोकण रेल्वेने यावर एक उपाय शोधला. १९९९ साली रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा या मार्गावर 'रो-रो' सेवा सुरू झाली. या सेवेत भरलेले ट्रक मालगाडीच्या सपाट, उघड्या डब्यांवर चढतात. मग त्यांची इंजिने बंद होतात. चालक आपल्या ट्रकमध्येच बसून प्रवास करतो. शेवटच्या स्टेशनवर ट्रक खाली उतरतो आणि बाजाराकडे निघतो.

रेल्वेने इंधन का वाचते? रबरी चाक रस्त्यावर दबते. त्यात बरीच शक्ती वाया जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज फिरते. म्हणून तेवढाच माल नेण्यासाठी रेल्वेला कमी शक्ती लागते. २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. अर्थात, वीज तयार करण्यासाठी कोळसा जाळला, तर तेथे धूर होतोच. म्हणून सूर्य, वारा आणि पाणी यांपासून मिळणारी वीज वाढली पाहिजे.

रेल्वे प्रत्येक दुकानाच्या दारापर्यंत जाऊ शकत नाही. तेथे ट्रक हवाच. पण लांबचा प्रवास रुळांवरून आणि जवळचा रस्त्यावरून झाला, तर दोन्ही कामे साधतात. माल वेळेवर पोहोचला पाहिजे आणि रस्त्याकाठच्या मुलांना स्वच्छ हवाही मिळाली पाहिजे.