मालकाचा पगार आणि मालकाचा लाभांश

वसंत व्याख्यानमालेत आयकराचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच आहे. त्यातून विषय मालकाच्या उत्पन्नाचा आणि सांगणारे आम्ही कामगार चळवळीतले! ‘मालकाच्या कराशी यांना काय करायचे?’ अशी शंका कुणाच्याही मनात येईल. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची आम्हांला सवय नाही, म्हणून उत्तर आधीच देतो. मालक कंपनीतून पैसा कोणत्या दाराने बाहेर काढतो, यावर सरकारचा कर ठरतो आणि कामगाराचा बोनसही ठरतो. म्हणून हा हिशेब दोघांनीही जाणला पाहिजे.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानात घेऊ. चादरीचा किंवा टॉवेलचा कारखाना एखाद्या कुटुंबाने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून चालवला, तर कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आणि मालक ही दुसरी व्यक्ती होय. मालक संचालक म्हणून काम करतो, त्याचा त्याला पगार मिळतो. तोच मालक भागधारक म्हणून भांडवल घालतो, त्याचा त्याला लाभांश मिळतो. पगार हे श्रमाचे मोल, लाभांश हा भांडवलाचा वाटा. सूत, वीज आणि मजुरी यांच्याप्रमाणे मालकाचा पगारही कंपनीच्या खर्चात पडतो, आणि तो वजा जाऊन मग नफा निघतो. लाभांशाचे तसे नाही. आधी नफा निघतो, त्यावर कंपनी कर भरते आणि उरलेल्यातून लाभांश वाटला जातो.

श्रम आणि भांडवल यांचा हा भेद सोलापूरला नवा नाही. आपल्या गिरण्यांच्या काळात मॅनेजिंग एजंटांची पेढी कारभाराबद्दल मोबदला घेई आणि भागधारक म्हणून लाभांशही घेई. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला आणि एजंटांना दूर केले. मात्र भागधारकांच्या हक्कांचा प्रश्न निराळा होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५३ मध्ये न्यायालयाने भागधारकाच्या बाजूने निकाल दिला. कारभारी दूर करणे ही एक बाब आणि मालकी हिरावणे ही दुसरी, हा धडा आपल्याच गावच्या गिरणीने देशाला दिला. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७० मध्ये बंद झाली, परंतु एकाच माणसाने दोन नात्यांनी पैसा घेण्याची रीत राहिली.

आता कराकडे वळू. ‘लाभांशाला कर नसतो’ असे अजूनही पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. ही जुन्या दिवसांची आठवण होय. १९९७ पासून, मधले २००२-०३ हे एक वर्ष सोडल्यास, लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे आणि भागधारकाच्या हातात तो बहुतांशी करमुक्त असे. १ एप्रिल २०२० पासून ही पद्धत बदलली. आता पगार व लाभांश या दोहोंची बेरीज होते आणि त्या बेरजेवर टप्प्याटप्प्याने कर लागतो. एका भागधारकाचा लाभांश वर्षाला १०,००० रुपयांवर गेला की कंपनी १० टक्के कर कापून देते. पण ती केवळ आगाऊ कपात आहे. हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मालकाने काही घेण्यापूर्वी कंपनीत २० लाख रुपये उरले असे समजा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या पद्धतीचे दर घेऊ आणि कंपनीने २२ टक्क्यांचा दर पत्करला आहे असे धरू. अधिभार व उपकर मिळून तो २५.१६८ टक्के होतो.

मालकाने सर्व २० लाख पगार म्हणून घेतले, तर कंपनीला कर नाही. पगारदाराची ७५,००० रुपयांची सरसकट वजावट जाऊन मालकाचा कर उपकरासह १,९२,४०० रुपये होतो. सर्व रक्कम लाभांशाच्या वाटेने नेली, तर कंपनीचा कर ५,०३,३६० आणि उरलेल्या १४,९६,६४० रुपयांवर मालकाचा कर सुमारे १,०८,६७६, म्हणजे एकूण ६ लाख १२ हजार रुपये. पगार १२ लाख ७५ हजार आणि बाकी लाभांश असे केले, तर एकूण कर सुमारे ३ लाख ३७ हजार होतो. इथे एक फसगत होते. १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगाराला कर नाही हे खरे, परंतु ते दुसरे उत्पन्न नसेल तर. लाभांश मिळवताच बेरीज १२ लाखांच्या पुढे जाते आणि ती सवलत हातची जाते.

मग सर्वच पगार का घेऊ नये? कायद्याने येथे काही कुंपणे घातली आहेत. संचालकाला किंवा त्याच्या नातलगाला दिलेला पगार कामाच्या मानाने अवाजवी असेल, तर आयकर अधिकारी जादा रक्कम खर्चात धरत नाही. लाभांश म्हणून देण्याजोगी रक्कम बोनस किंवा कमिशन या नावाने भागधारकाला दिली, तर तीही खर्चात बसत नाही. सार्वजनिक कंपनीत संचालकांच्या एकूण मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती ओलांडायची तर भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते. प्रायव्हेट कंपनीला ही मर्यादा नाही. तिसरे दार आहे ‘उचल’. १० टक्के वा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाने अशा कंपनीतून कर्जाऊ रक्कम घेतली, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती लाभांशच मानली जाते. कामगाराची उचल पगारातून कापली जाते, मालकाच्या उचलीवर कर बसतो.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनस वाटण्याजोग्या शिलकीवर बेतला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तोच पाया आहे. किमान ८.३३ टक्के तोटा असला तरी द्यावे लागतात. त्यापुढे २० टक्क्यांपर्यंत किती मिळणार, हे शिलकीवर ठरते. मालकाचा पगार ही शिलक निघण्यापूर्वीच वजा जातो. मालकाने १० लाख पगाराऐवजी लाभांशाच्या वाटेने घेतले, तर कंपनीचा कर जाऊन शिलकीत सुमारे साडेसात लाखांची भर पडते. तिचे ६७ टक्के, म्हणजे ढोबळ मानाने पाच लाख, बोनसच्या हिशेबात येतात. शंभर कामगारांच्या कारखान्यात हा फरक माणशी पाच हजारांचा होऊ शकतो. दिवाळीला एवढ्या पैशाची किंमत काय असते, हे पूर्व भागातल्या घरांना सांगावे लागत नाही.

यावरून मालकाने पगारच घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जो सकाळी कारखान्यात येतो, सूत पारखतो आणि व्यापाऱ्याशी भाव ठरवतो, त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. श्रमाला मोल हेच तर आमच्या चळवळीचे पहिले तत्त्व! आमचे म्हणणे इतकेच की पगार कामाच्या मापाने असावा. कारखान्यात पाऊल न टाकणाऱ्या नातलगांच्या नावे पगार पडू लागला, की तो भांडवलाचा वाटा श्रमाचे सोंग घेऊन बाहेर पडतो, आणि त्यात सरकार व कामगार दोघेही बुडतात.

तपासलेल्या ताळेबंदावर कायदा सहसा विश्वास ठेवतो. म्हणून बोनसच्या बोलणीला बसण्यापूर्वी कामगार प्रतिनिधीने तीन आकडे काढून ठेवावेत. संचालकांना पगार किती दिला, लाभांश किती वाटला आणि संचालकांकडे येणे किती आहे? गेल्या वर्षीचे आकडे शेजारी मांडावेत आणि जिथे फरक दिसेल तिथे खुलासा विचारावा. घोषणा देण्यासाठी छाती लागते, हिशेब विचारण्यासाठी अभ्यास लागतो. सोलापूरच्या कामगाराने पहिली गोष्ट फार पूर्वीच दाखवली आहे. दुसरीही त्याच्या आवाक्याबाहेरची नाही.