शेतीसंरक्षण बंदूक परवाना

शेतीसंरक्षण बंदूक परवाना : उभ्या पिकाचे रानटी जनावरांपासून रक्षण करण्यासाठी शेतकऱ्यास बंदूक बाळगण्याची व वापरण्याची शासनाने दिलेली लेखी अनुज्ञा. भारतात स्वसंरक्षण, क्रीडा व शेतीसंरक्षण या प्रमुख हेतूंसाठी शस्त्रपरवाने दिले जातात. त्यांपैकी शेतीसंरक्षणाचा परवाना मुख्यत्वे डोंगर व रान यांच्या लगतच्या प्रदेशांत आढळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके अशा प्रदेशांपैकी होत. शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे की शासनाने दिलेली सवलत, हा जगभर चालत आलेला वाद येथे भातशेतीच्या राखणीच्या संदर्भात उपस्थित होतो.

पार्श्वभूमी : १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने शस्त्रांवर नियंत्रण आणले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये व्यापक स्वरूपाचा भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. त्यानुसार परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा अपराध ठरला. यूरोपीयांना मात्र नियमांद्वारे सूट होती. या वर्णभेदामुळे कायद्याविषयी भारतीयांच्या मनात तीव्र नाराजी निर्माण झाली. अधिनियमानंतर एका वर्षाच्या आतच वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी खालापूरलगतच्या पनवेल तालुक्यातील पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. शस्त्रबंदी आवश्यक आहे, असे राज्यकर्त्यांना अशा घटनांवरून वाटे. लोकांना मात्र ती अविश्वासाची खूण वाटे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या अधिनियमाविरुद्ध ठराव केला. म. गांधींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने देण्यात यावेत, ही एक मागणी होती. नेहरू अहवाल (१९२८) व कराची काँग्रेसचा मूलभूत हक्कांविषयीचा ठराव (१९३१) या दोहोंत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य करण्यात आला होता.

संविधान सभेत मात्र वेगळा निर्णय झाला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. असा हक्क दिल्यास चोर-दरोडेखोरही त्यावर दावा सांगतील, असे त्यांचे म्हणणे होते. शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र धारण करण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, असेही त्यांनी प्रतिपादिले. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे आहे. म्हणून भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने नियमित केलेली बाब आहे.

कायद्यातील तरतुदी : शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या १३ व्या कलमात शेतीसंरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास, नकाराचे कायदेशीर कारण नसल्यास, परवाना दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. ठासणीची बंदूक अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली अन्य बंदूकही मंजूर करता येते. १४ व्या कलमानुसार मनोविकलता, सार्वजनिक शांततेस धोका इ. कारणांवरून परवाना नाकारता येतो. परंतु अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात व त्यावर अपील करता येते. अर्जदाराचे वय २१ वर्षांहून कमी असता कामा नये.

शस्त्र नियम, २०१६ अन्वये बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक करण्यात आले. परवानाधारक मृत झाल्यास, तसेच त्याने वयाची ७० वर्षे किंवा बंदूक बाळगल्याची २५ वर्षे पूर्ण केल्यास, ती बंदूक वारसाच्या नावे होण्याची तरतूदही या नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि विनापरवाना बंदूक बाळगण्याबद्दलची शिक्षा दोन ते पाच वर्षे कारावास अशी वाढविण्यात आली. केवळ शेतीच्या वा घरगुती कामासाठी बनविलेली अवजारे मात्र शस्त्र या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे कोयता व कुऱ्हाड यांना परवाना लागत नाही.

कर्जत-खालापूर भागातील स्थिती : या दोन तालुक्यांत खाचरांत भात आणि डोंगर-उतारावर नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. भिवपुरी येथील जलविद्युत्‌केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाला कालव्याखाली कर्जत तालुक्यात उन्हाळी भातही होते. दाणा भरण्याच्या सुमारास रात्री रानडुकरांचे कळप खाचरांत उतरतात; ते खातात त्याहून अधिक पीक लोळून व उकरून नष्ट होते. दिवसा वानर-माकडांचा उपद्रव असतो. माळ्यावर बसून राखण करणे, डबे वाजविणे, गोफण चालविणे, शेकोटी पेटविणे हे राखणीचे परंपरागत उपाय होत. बंदुकीचा उपयोगही पुष्कळदा हवेत बार काढून जनावरे पळवून लावण्यापुरताच केला जातो.

परवाना देण्याचा अधिकार अलिबाग येथील जिल्हादंडाधिकाऱ्यास असून त्यापूर्वी नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. शेतीसंरक्षणासाठी अर्ज करताना गाव व लागवडीखालील क्षेत्र नमूद करावे लागते. येथेच कायद्याचा उद्देश आणि व्यवहार यांत अंतर पडते. या भागातील ठाकर व कातकरी समाजांतील अनेक कुटुंबे वनखात्याच्या दळी जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसत आली. परंतु त्या जमिनींच्या सातबारा उताऱ्यावर त्यांची नावे दीर्घकाळ नव्हती. वनहक्क अधिनियम, २००६ नंतर अनेकांना कसण्याचे हक्क मिळाले. रानाला सर्वांत जवळची शेते त्यांचीच असल्याने उपद्रवाची झळ त्यांना प्रथम लागते; परवान्यासाठी लागणारी कागदपत्रे, प्रशिक्षण व बंदुकीची किंमत मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर असते. मालमत्तेअभावी परवाना नाकारू नये, या तरतुदीचा लाभ म्हणूनच त्यांच्यापर्यंत क्वचित पोहोचतो.

वन्यजीव कायद्याशी संबंध : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुक्कर हा संरक्षित प्राणी असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास धोकादायक ठरलेले जनावर मारण्यासाठी मुख्य वन्यजीवरक्षकाची किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. विनापरवानगी शिकारीबद्दल दोषी ठरल्यास बंदुकीचा परवानाही रद्द होऊ शकतो. शिवाय अभयारण्यापासून १० किमी.च्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीवरक्षकाची पूर्वसंमती घ्यावी लागते. भीमाशंकर अभयारण्य (१९८५) कर्जतच्या पूर्व सीमेवर, तर कर्नाळा पक्षी अभयारण्य (१९६८) खालापूरच्या पश्चिमेस आहे. परिणामी ज्या गावांना उपद्रव अधिक त्यांपैकी अनेक गावांवर निर्बंधही अधिक, अशी स्थिती उद्‌भवते.

वादाचे स्वरूप : परवाने सुलभ करावेत असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की वाडी-वस्ती पोलीस ठाण्यापासून दूर असते, पीक एका रात्रीत जाते आणि परवानगीस दिवस लागतात, कडक कायद्याने नियम पाळणारा शेतकरीच निःशस्त्र होतो. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्यास राखण थांबते, अशीही त्यांची तक्रार असते. उलट पक्षाचे म्हणणे असे, की घरात असलेली बंदूक केवळ पिकापुरती राहत नाही. भाऊबंदकीचे कलह, आत्महत्या व लहान मुलांच्या हातून होणारे अपघात यांत ती प्राणघातक ठरते. रात्रीच्या शिकारीत झुडपाआडच्या माणसास जनावर समजून गोळी लागण्याचा धोका असतो. परवाना न मिळाल्याने काही जण गावठी बनावटीच्या बंदुका वा स्फोटक गोळे वापरतात. दोन्ही पक्ष या वस्तुस्थितीचा आधार घेतात : एकाच्या मते ती अतिनिर्बंधाचे फळ आहे, तर दुसऱ्याच्या मते सैल अंमलबजावणीचे.

अन्य देशांत या प्रश्नाची उत्तरे भिन्न आहेत. अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला असून तो व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये डनब्लेन येथील शाळेत १९९६ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर पिस्तुले बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्याच वर्षी पोर्ट आर्थर येथील हत्याकांडात ३५ माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने लाखो बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. तेथे शेतकऱ्यास मात्र खऱ्या गरजेचे कारण दाखवून बंदूक बाळगता येते.

भारतीय कायद्याची भूमिका ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीला जवळची, म्हणजे हक्काऐवजी सिद्ध झालेल्या गरजेवर आधारलेली आहे. अशा पद्धतीत कायद्याची न्याय्यता गरज कोणाची व ती कशी पारखली जाते यावर अवलंबून राहते. केवळ सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचीच गरज ग्राह्य धरली गेली, तर परवाना मालमत्तेचा विशेषाधिकार बनतो. अर्जाची नीट चौकशी न करता परवाने दिले गेल्यास गावाची सुरक्षितता धोक्यात येते. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे, सामूहिक राखण व कुंपण यांस साहाय्य होणे आणि वनखात्याने परवानगीचे अर्ज त्वरित निकालात काढणे या गोष्टी साध्य झाल्यास बंदुकीची गरजच पुष्कळ अंशी कमी होईल, असे मत मांडले जाते.