नवा मासा तळ्यांत कसा रुळवावा?

नवी गाय दावणीस बांधली म्हणजे पहिले दोन दिवस ती चाऱ्यास नीट तोंड लावीत नाहीं, पान्हा चोरते आणि अनोळखी माणूस जवळ आला कीं अंग आखडून उभी राहते, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. तिला दमानें घ्यावें, जुन्या गोठ्यांतील खुराकाची संवय एकदम मोडूं नये, असें घरांतील वडील माणसें सांगतात व आपण तें ऐकतों. तळ्यावर गेल्यावर मात्र हें शहाणपण आपण बांधावरच ठेवितों. मासा हंबरत नाहीं, दावें तोडीत नाहीं. म्हणून त्यास भय वाटत नसावें अशी आपली समजूत. बोटुकल्यांची पिशवी आणावी, काठावर फोडावी, उपडी करावी आणि घरीं जावें, एवढ्यावर आपलें काम संपतें. दोन दिवसांनीं मेलेले मासे पाण्यावर आले कीं मग आपण बीजास दोष देतों.

आमचें रोहिणखेड मोताळा तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. इतिहासांत त्याचें नांव १५९० सालच्या लढाईमुळें येतें; शेतकऱ्याच्या तोंडीं मात्र तें पावसाच्या लहरीपणाच्या गोष्टींतच येतें. २०१६ सालीं सरकारची 'मागेल त्याला शेततळें' ही योजना निघाली आणि शेततळें हा शब्द घरोघर झाला. तींतील मोठ्यांत मोठें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, म्हणजे वरच्या तोंडाशीं सुमारें ९ गुंठ्यांचें. एवढें पाणी सांठल्यावर पिकास पाणी देतां देतां त्यांत मासेहि वाढवावे, हा विचार सुज्ञ आहे. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. त्यामुळें तिघेहि एका तळ्यांत भाऊबंदकी न करतां नांदतात.

पूर्वीं हें बीज पुराच्या वेळीं नद्यांतून धरून आणावें लागे व त्यांत नको त्या जातींची भेसळ होई. १९५७ सालच्या १० जुलै रोजीं ओरिसांत अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींची वीण करविली, तेव्हांपासून खात्रीचें बीज केंद्रांतून मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. बीज मिळणें सोपें झालें. तें जगविणें मात्र अद्याप आपल्याच हातीं आहे.

आमची स्वतःची फजिती येथें सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षीं आम्हीं सुमारें पांचशें बोटुकल्या आणविल्या. रात्रभर प्रवास करून पिशव्या आल्या त्या दुपारीं बाराच्या सुमारास. आणि पाऊस उघडून ऊन कडक पडलें होतें. घाईनें त्याच वेळीं त्या तळ्यांत सोडल्या. संध्याकाळीं मासे एका कोपऱ्यांत पृष्ठभागाशीं तोंडें उघडीत होते. दुसरे दिवशीं सकाळीं काठास पांढऱ्या पोटांची रांग लागली. राहिले ते पुढें आठवडाभर खाण्यास वर आले नाहींत. बीज वाईट निघालें, असेंच आम्हीं त्या दिवशीं म्हटलें. पुढें विचार करतां दोष आमचाच ठरला.

हें असें कां होतें तें समजून घ्यावें. पिशवींत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायु असतो. प्रवासांत माशाच्या श्वासानें त्या पाण्यांत कर्बाम्ल वायु सांठतो, आणि त्याच्या मलोत्सर्गानें अमोनिया सांठतो. कर्बाम्लामुळें पाणी किंचित् आंबट असतें तोंवर अमोनियाचें विष दबलेलें राहतें. पिशवी उघडतांच कर्बाम्ल उडून जातो व तेंच विष प्रखर होतें. म्हणून उघडलेली पिशवी तासन् तास काठावर ठेवणें घातक होय. दुसरें कारण उष्णतेचें. मासा आपलें अंग पाण्याहून वेगळें उष्ण ठेवूं शकत नाहीं; पाण्यांत एकदम पांच अंशांचा फरक पडला तरी त्याचा श्वास व रक्ताभिसरण बिघडतें. तिसरें कारण क्षारांचें. गोड्या पाण्यांतील माशाच्या अंगांत बाहेरील पाण्यापेक्षां मीठ अधिक असतें. पाणी सतत आंत शिरत असतें व मासा तें लघवीवाटे बाहेर टाकीत असतो. भय व धक्का बसला कीं हा तोल ढळतो आणि अंगांतील क्षार झपाट्यानें बाहेर जातात.

या बाबतींत शहरांतील हौशी लोकांपासून घेण्यासारखा एक धडा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, व आपल्या मुंबईंत १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. आतां तर कांचेच्या हौदांत समुद्राचे रंगीत मासे घरांतहि ठेवितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत थोडा फरक झाला तरी तो मासा हाय खातो. त्यामुळें हे लोक नव्या माशाच्या भांड्यांत हौदाचें पाणी थेंबथेंब सोडितात, त्या दिवशीं दिवा मालवितात, लपण्यास दगडांची कपार ठेवितात, आणि शक्य तर नवा मासा कांहीं आठवडे वेगळ्या हौदांत राखून मग जुन्यांत मिसळतात. लाजरा मासा दोन-तीन दिवस कपारींतून बाहेर आला नाहीं तरी ते त्यास काठीनें हुसकीत नाहींत. एका माशासाठीं ते एवढे जपतात. आपण पांचशें मासे एका झटक्यांत ओततों.

ही रीति आपल्या तळ्यास लावून आम्हीं दुसऱ्या वर्षीं जें केलें तें असें. बीज येण्यापूर्वीं पंधरा दिवस तळें भरून ठेविलें. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यास माती नसते, म्हणून पाण्यांत नैसर्गिक अन्न आपोआप होत नाहीं. शेणाचें पोतें कोपऱ्यांत टांगून पाण्यास फिकट हिरवी झांक येऊं दिली. बारीक जाळ्याचा चौकोनी पाळणा, ज्यास हापा म्हणतात, तो चार दोरांनीं काठावरील खुंट्यांस बांधून पाण्यांत सोडला. बांबू रोवूं नये, प्लास्टिक फाटतें. केंद्राच्या वाटेनें आमचें जाणें झालें होतें, तेव्हां दहा-वीस बोटुकल्या आधीं आणून या पाळण्यांत एक दिवस ठेविल्या. त्या जगल्या, तेव्हांच बाकीच्यांची मागणी केली.

पिशव्या सकाळीं ऊन थोडें वर आल्यावर तळ्यावर येतील अशी वेळ धरली. पहांटे हिरव्या पाण्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो, आणि दुपारीं पाणी तापलेलें असतें. म्हणून ही वेळ बरी. बंद पिशव्या सांवलींत अर्धा तास तरंगत ठेविल्या. उन्हांत तरंगवूं नयेत, कारण बंद पिशवींतील पाणी तळ्याहूनहि अधिक तापतें. मग तोंड सोडून तळ्याचें पाणी थोडें थोडें तीन-चार वेळां आंत घातलें, व हें काम पाव तासांत आटोपलें. नंतर मऊ जाळीनें मासे काढून एका लिटरास २० ते ३० ग्रॅम या प्रमाणाच्या मिठाच्या पाण्यांत एक-दोन मिनिटें धरले. मासा कलंडूं लागला तर तत्काळ बाहेर काढावा. या स्नानानें अंगावरील सूक्ष्म जंतु बरेच झडतात. तेथून मासे पाळण्यांत गेले. पिशवींतील पाणी मात्र तळ्यांत न टाकतां बांधावर ओतलें.

पाळण्यावर तुराटीचा तट्टा टाकून अंधार केला व त्या दिवशीं कांहींहि खाऊं घातलें नाहीं. दुसरे दिवशीं मेलेले मोजून काढले. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मग पाळण्याची एक बाजू पाण्याखालीं दाबून दिली व मासे आपल्या मर्जीनें बाहेर पडूं दिले.

पुढला आठवडा धीराचा. माशास पापण्या नाहींत, म्हणून एकाएकीं पडलेला प्रकाश त्यास बुजवितो. रोहू, कटला व मृगळ यांच्या कानापासून पोटांतील हवेच्या पिशवीपर्यंत बारीक हाडांची सांखळी असते, तीमुळें त्यांस आवाज फार तीव्र ऐकूं येतो. म्हणून पहिले दिवस पाणी उपसण्याचें यंत्र पाळण्यापासून दूर ठेवावें, पोरांस दगड मारूं देऊं नयेत, आणि कोणीहि काठावरून धांवूं नये. लपण्यासाठीं दोन-तीन तट्टे कोपऱ्यांत तरंगत सोडावे. त्यांच्या आडोशानें खंड्याच्या चोंचींतूनहि कांहीं वांचतात. हिरवा पाला टाकूं नये, तो कुजून प्राणवायु खातो. भुईमुगाची पेंड व तांदळाचा कोंडा समभाग भिजवून रोज एकाच वेळीं, एकाच जागीं, एकाच माणसानें मूठभर टाकावा. उरलेलें अन्न दिसलें तर दुसरे दिवशीं कमी करावें. आमच्या तळ्यांत चौथ्या दिवशीं पाण्यावर पहिलें वर्तुळ उमटलें. आठव्या दिवशीं माणसाचें पाऊल ओळखून मासे काठाशीं येऊं लागले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतों. कपाशीवरील फवारणीचा पंप तळ्यांत कधींहि बुडवूं वा धुऊं नये, व वारा तळ्याकडे असतां शेजारच्या तासांत फवारूं नये. कांहीं कीटकनाशकांचे चार थेंबहि बोटुकल्यांस पुरे होतात, आणि महिनाभराची राखण एका सकाळीं पाण्यांत जाते.

सारांश, या साऱ्यास पैसा फारसा लागत नाहीं. एक जाळें, मूठभर मीठ, एक तट्टा आणि दोन दिवसांचा धीर एवढें पुरतें. दावणीच्या जनावरास आपण जो वेळ देतों तोच पाण्यांतील जनावरास द्यावा. पावसाळ्यांत बीज मागविणाऱ्या सभासदांनीं पिशवी येण्याच्या आदल्या दिवशींच पाळणा बांधून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.