हवेत झाडलेल्या गोळ्या

धुळ्याच्या शाखेत पेन्शनचे टेबल माझ्याकडे होते, तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी मंडळी शटर उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसत. त्यांत स्वातंत्र्यसैनिक असत, केंद्राने १९७२ पासून त्यांना निवृत्तिवेतन सुरू केले होते. निवृत्त पोलीसही असत. एकदा गांधीटोपीतले एक नाना आणि एक निवृत्त जमादार आप्पा बाकावर शेजारी बसून एकाच डबीतली तंबाखू मळताना दिसले. आमचा शिपाई कानाशी लागला, "साहेब, बेचाळीस साली याच आप्पांनी नानांना बेड्या घातल्या होत्या." मी आप्पांना विचारले. ते एवढेच म्हणाले, "नोकरी व्हती, भाऊ."

नानांची हकिकत पुढे एका स्मरणिकेत छापून आली. आप्पांची कुठेच आली नाही. ते मनात राहिले, आणि बँक सुटल्यावर कादंबरीच्या निमित्ताने मी महायुद्धाच्या काळातले खानदेशचे पोलीस शोधू लागलो.

तेव्हा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. पोलीसही बाहेरून आलेले नव्हते. आउटरामने १८२५ मध्ये उभारलेली भिल्ल पलटण पुढे पोलिसांतच मिसळली. बाकीची भरती शेतकऱ्यांच्या धाकट्या पोरांची. युद्ध आले तशी महागाई आली, धान्याचा काळाबाजार आला, भुसावळसारख्या जंक्शनवरून लष्करी गाड्यांची ये-जा वाढली. त्यात १९४२ चा ऑगस्ट उजाडला. ज्यांची पोरे मोर्चात, त्यांचेच भाऊबंद बंदोबस्तात!

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातच होते. (स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली.) ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे पाचजण गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह साताऱ्याचे आणि खानदेशचे क्रांतिकारक त्यात होते. ही नावे आपल्याला पाठ आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण त्या खजिन्याबरोबर बंदोबस्ताला जे शिपाई होते त्यांची नावे आपण कधी विचारली आहेत का?

सरकारी कागदात शिपाई म्हणजे बक्कल नंबर. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह (विशेष) विभागाच्या फायली आहेत. पण शिपाई माणूस म्हणून सापडतो तो घरच्या ट्रंकेत. पेन्शनचे पुस्तक, सर्व्हिस शीट, एखादा पट्टा. आणि मग घरची कहाणी. मी जळगाव-धुळ्याकडची बरीच घरे हिंडलो. चहा सगळीकडे मिळाला, आणि कहाणीही सगळीकडे एकच मिळाली: "आमच्या आजोबांनी गोळी हवेत झाडली."

पहिल्या दोन घरांत मला भरून आले. पाचव्या घरात मी पेन खाली ठेवले. सगळ्यांनीच हवेत झाडली, तर ती पाच मुले कशी गेली? घरचे खोटे बोलतात असे मला म्हणायचे नाही. नातवंडांना झेंडावंदनाला उभे राहता यावे म्हणून कुणीतरी पहिल्यांदा असे सांगितले असेल आणि पुढच्यांनी ते खरे मानले असेल. बँकेत आम्ही याला 'ताळा जुळवणे' म्हणत असू. रक्कम जुळते, पण नोंद खरी असतेच असे नाही.

एक घर मात्र विसरत नाही. नाव देत नाही. नातू जळगावला प्राध्यापक, आत्या नव्वदीची. आबांनी नंदुरबारला बंदूक आभाळाकडे धरली, साहेबाची बोलणी खाल्ली आणि त्यापायी त्यांची बढती अडली, ही घरातली कहाणी. आत्यांना स्वतःला आठवते ते निराळेच. "त्या वर्षी गणपतीत आमच्या लाइनीत गावातलं कुणी आरतीला आलं नाही. आई दुकानात गेली तर वाणी दुसऱ्यांचं माप करत बसायचा. घरी येऊन ती आबांशी भांडायची, सोडा ही नोकरी. आबा म्हणायचे, सहा तोंडं आहेत."

प्राध्यापकांनी ट्रंक उघडली. तळाशी इंग्रजीतली सर्व्हिस शीट होती, शाई विटलेली. मी भिंगातून वाचली. ऑक्टोबर १९४२ : चांगल्या कामाबद्दल बक्षीस, रुपये पाच. काम कोणते, ठिकाण कोणते, काहीच नाही. खाली पुढच्याच वर्षाची नोंद : हवालदार म्हणून बढती.

पाच रुपये चोरीचा माल पकडल्याबद्दलही मिळत. धान्याचा साठा धरल्याबद्दलही मिळत असतील. त्या एका ओळीवरून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे मी प्राध्यापकांना दोनदा सांगितले. ते कागदाकडे बघत राहिले. मी झेरॉक्सचे विचारले. "आत्या आहे तोवर नको," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "काय सापडलं रे?"

"काही नाही आत्या. आबांच्या बढतीचा कागद आहे."

"बढती? ती तर अडवली होती ना त्यांची?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी बशीतला उरलेला चहा संपवला.