उशिरा तापणारं, उशिरा निवणारं बीड

सुरतेत संध्याकाळी अंड्याच्या गाडीवर घोटाळा होतो आणि लोक तो चवीने खातात. कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात किसलेली उकडलेली अंडी घोटायची, त्यातच हाफ फ्राय कालवायचं, पावासोबत द्यायचं. गाडीवाल्याची खरी मालमत्ता म्हणजे परातीएवढा जाडजूड लोखंडी तवा. त्यावर कांदा पडो, टोमॅटो पडो, चरचर थांबत नाही. घरच्या पातळ तव्यावर हाच खटाटोप केला, तर दोन मिनिटांत चरचरीची रटरट होते आणि मसाला परतायच्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतो.

दोष आचेपेक्षा तव्याच्या वजनाचा.

चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण १३ किलोज्यूल उष्णता लागते. खालची आच क्षणभर विसरू. २०० अंशांवर तापलेला ३०० ग्रॅमचा पत्र्याचा तवा एवढ्याने जवळपास १०० अंशांवर येतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, २ किलोचा तवा मात्र जेमतेम १४ अंशांनी उतरतो. धिरड्याला खरपूस रंग यायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास पोचावा लागतो. गार पडलेल्या तव्यावर ते पांढरंफटक राहतं आणि चिकटतं ते वेगळंच.

बिडात काही जादू आहे असं मात्र नाही. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतं. बीड जिंकतं ते जाडीवर. ते ‘सगळीकडे सारखं तापतं’ हा तर निव्वळ गैरसमज. उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियम त्याच्या चौपट पुढे आहे. म्हणून बिडाच्या तव्यात बर्नरवरचा गोल आधी तापतो, कडा मागून येतात. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं थांबायची तयारी नसेल, तर हा तवा न घेतलेलाच बरा. पाण्याचा थेंब टाकून पाहावा: तो सूं करून उडून न जाता मोत्यासारखा पळू लागला, की तवा भरपूर तापला. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये या पळणाऱ्या थेंबाचं वर्णन करून ठेवलं आहे.

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराची पुरणपोळी करायची, तर मातीचं खापर चुलीवर उपडं घालून आधी नीट तापवावं लागतं. पोळी लाटायची नाही. हातांवर झेलत, फिरवत रुमालासारखी मोठी करायची आणि अलगद खापरावर सोडायची. एवढी मोठी ओलसर पोळी अंगावर घेऊनही खापर गारठत नाही. फ्लॅटमधल्या गॅसच्या शेगडीवर ते थाट जमणं कठीण, पण खापराचा हा स्वभाव बिडाच्या तव्यात सापडतो.

बीड म्हणजे २ ते ४ टक्के कार्बन असलेलं ओतीव लोखंड. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरामुळे मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचं झालेलं ओतकाम ते हेच. तेलाचा पातळ हात देऊन तापवत राहिलं, की त्यावर काळा, गुळगुळीत थर बसतो. चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार त्यात मुरत ठेवू नये; थरही जातो, चवही लोखंडी होते. धुतल्यावर लगेच पुसून, गॅसवर कोरडं करावं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये आणि तो हातातून सुटू देऊ नये. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा सरळ तडकतो.