घरच्या छपाईतील नकोशी रंगझाक : दोष छायाचित्राचा की प्रिंटरचा?

नवी दिल्ली : घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांचे जुने कृष्णधवल छायाचित्र फ्रेमसाठी घरीच छापावे आणि ते कागदावर हिरवट उमटावे, किंवा लग्नाच्या समूहचित्रात सर्वांचेच चेहरे तांबूस दिसावेत, हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी बहुतेक जण संगणकावर छायाचित्राचे रंग बदलू लागतात. मात्र, दोष छपाईत असेल तर शाई आणि महागडा कागद वाया जातो. शिवाय बदल मूळ फाइलमध्येच जतन झाले, तर कुटुंबाकडील एकमेव डिजिटल प्रतही बिघडते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी झाक नेमकी कुठे निर्माण होते, हे शोधणे आवश्यक ठरते.

करड्या रंगाची कसोटी

इंकजेट प्रिंटर प्रामुख्याने चार शाया वापरतो : आकाशी निळसर सायन, गडद गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. रंगीत छपाईत करडा रंग साधारणतः या शायांच्या समतोलातून तयार होतो. एका शाईचे प्रमाण किंचित ढळले, तरी ते करड्या रंगात लगेच दिसते. झाडाची पाने थोडी अधिक हिरवी आली तर खटकत नाहीत. करडी भिंत हिरवट झाली की नजरेत भरते.

यासाठी लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचे मूल्य १२८ ठेवून एक करडा चौकोन तयार करावा. रंगीत छपाईचा पर्याय निवडून तो नेहमीच्या फोटो कागदावर छापावा आणि पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा. चौकोन निखळ करडा आला, तर दोष बहुधा छायाचित्रात आहे. त्यावरही झाक असेल, तर कारण शाई, कागद किंवा सेटिंगमध्ये शोधावे.

दोष छपाईत असल्यास

सर्वप्रथम ‘नोझल चेक’ करावे. सायनची नोझल तुंबली असेल तर छपाई तांबूस, मॅजेंटाची तुंबली तर हिरवट आणि पिवळ्याची तुंबली तर निळसर येते. रेषा तुटक दिसल्यास ‘हेड क्लीनिंग’ करावे. मात्र त्यात शाई खर्च होत असल्याने ते गरजेपुरतेच असावे.

त्यानंतर कागदाचा प्रकार तपासावा. चकचकीत फोटो कागद घालून सेटिंगमध्ये साधा कागद निवडला, तर शाईचे प्रमाणच चुकते. रंगनियंत्रण दोन ठिकाणी सुरू असणे, हेही नेहमीचे कारण आहे. छायाचित्र संपादनाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर दोघेही रंग जुळवू लागले, तर दुरुस्ती दुहेरी होऊन अनेकदा मॅजेंटाकडे झुकणारी झाक येते. हे काम दोघांपैकी एकाकडेच ठेवावे. कंपनीने दिलेले रंग प्रोफाइल तिच्याच शाई-कागदासाठी बनवलेले असल्याने अन्य शाई भरल्यासही रंग बदलू शकतात.

दोष छायाचित्रात असल्यास

पिवळ्या बल्बच्या उजेडात टिपलेल्या छायाचित्रात ‘व्हाइट बॅलन्स’ सुधारावा. १९७० च्या दशकातील अनेक रंगीत छायाचित्रांतील सायन रंगद्रव्य अंधारात, अल्बममध्ये ठेवूनही फिके पडत जाते. त्यामुळे ती लालसर दिसतात आणि स्कॅनमध्येही ती झाक उतरते. कृष्णधवल छायाचित्राच्या कागदाचा पिवळेपणा घालवण्यासाठी स्कॅनची प्रत ‘ग्रेस्केल’मध्ये रूपांतरित करता येते.

पाहण्याचा प्रकाशही महत्त्वाचा

मोबाइल किंवा संगणकावर ‘नाइट मोड’ सुरू असेल, तर पडद्यावरचे रंग पिवळसर दिसतात. रंग ठरवताना तो बंद ठेवावा. काही शाया वेगवेगळ्या दिव्यांखाली वेगळ्या दिसतात. खिडकीजवळ निखळ वाटणारे कृष्णधवल छायाचित्र ट्यूबलाइटखाली हिरवट दिसू शकते. म्हणून ज्या भिंतीवर फ्रेम लागणार आहे, तेथील प्रकाशातही नमुना पाहणे हिताचे ठरते.

एवढे करूनही किंचित झाक उरल्यास विरुद्ध रंग वाढवावा : हिरव्यासाठी मॅजेंटा, लालसाठी सायन, निळ्यासाठी पिवळा. हा बदल फाइलच्या प्रतीवर, एका वेळी एकच आणि थोड्या प्रमाणात करावा. आधी कागदाच्या छोट्या तुकड्यावर नमुना छापून पाहावा आणि जुळलेली सेटिंग नोंदवून ठेवावी. त्याच शाई-कागदावर पुढची छपाई करताना ती उपयोगी पडते.